भिंगावरचा पडदा

आमच्या घरात दिवसा अंधार आणि दिवेलागणीनंतर उजेड, अशी उलटी रीत मामा रिटायर होऊन आले तेव्हापासून सुरू झाली. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामांनी तीस वर्षं कोकणच्या समुद्रातल्या एका बेटावर, दीपगृहात नोकरी केली. आणि आमचं गाव कुठं, तर दौंड तालुक्यात, वरवंडपासून चार मैल आत. इथल्या माणसाला पाणी माहीत ते कालव्याचं, तेही पाळी आली तर. समुद्र गावात कुणी पाहिलेला नव्हता. मीही नाही. माझं माहेर पाबळकडचं. तिथं तर उन्हाळ्यात विहिरीतलं पाणी बघायलाही कमरेत वाकावं लागायचं.

बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. ज्वारी हुरड्यात आली होती तेव्हा मामा एसटीतून उतरले. बरोबर एक लोखंडी ट्रंक आणि गोधडीत बांधलेलं एक जड गाठोडं. आत्यांना वाटलं नारळ असतील. त्यांनी लगबगीनं गाठ सोडली, तर आतून निघाली एक काच. थाळीएवढी गोल, मधे चांगली फुगीर, आणि एका कडेनं लांब चीर गेलेली.

"तीस वर्सांनी आलं," आत्या म्हणाल्या, "आन् आणलं काय, तर फुटकी काच!"

ते दीपगृहाचं भिंग होतं. म्हणजे पूर्ण भिंगातला एक तुकडा. चीर गेल्यामुळे तो बदलून नवा बसवला होता, आणि जुना टाकून द्यायचा तो साहेबांनी मामांना रीतसर लिहून दिला होता. मामांनी तो पश्चिमेच्या खिडकीत लाकडी चौकटीत बसवला. पश्चिमेलाच का, असं मी विचारलं तर म्हणाले, "समुद्र तिकडं हाय." संध्याकाळी त्याच्यामागं ते कंदील ठेवायचे. खरं सांगते, पहिल्या दिवशी मी बघतच राहिले. आमच्या त्या मिणमिणत्या कंदिलाचा एक जाड पट्टा खिडकीतून निघून थेट समोरच्या ज्वारीवरून पार बांधापर्यंत गेला. माझे यजमान दौंडला रेल्वेत होते. ड्यूटी संपवून सायकलवर येताना ते म्हणायचे, कालव्याच्या पुलावरूनच आपलं घर दिसतं आता.

इथवर ठीक होतं. पण सकाळ झाली की मामा त्या खिडकीवर जाड पांढरा पडदा ओढायचे आणि सूर्य मावळेपर्यंत कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्या खोलीला खिडकी एवढी एकच. त्यामुळे भर दुपारी आम्ही आपले चाचपडतोय. तांदळातले खडे दिसेनात, सुईत दोरा जाईना. मी शाळेत शिक्षिका, वह्या तपासायला मला उंबऱ्यात बसायला लागायचं. मी जात्याच तापट. एकदा म्हटलंच, "मामा, हे काय दिवसाढवळ्या?"

"भिंगाला दिवस आन् रात कळत न्हाई," मामा म्हणाले. "आतला उजेड भाईर फेकतं, तसाच भाईरचा आत घेतं. दीपगृहात सूर्य उगवला की पडदं ओढायचं. नियम हाय."

"हितं कुठं हाय दीपगृह?" आत्या चुलीपासून म्हणाल्या.

या दोघांच्या मधे मी दोन वर्षांची सून. माझं मन तेव्हा आत्यांकडे झुकलेलं होतं, हे कबूल करते. बेटावर बायकामुलांना राहायची सोय नव्हती. मामा वर्षातून एक महिना घरी यायचे. पावसाळ्याचे चार महिने होडी बेटाला लागायची नाही, तेव्हा पत्रसुद्धा नाही. आत्यांनी तीन मुलं एकटीनं वाढवली, लोकांच्या रानात खुरपायला जाऊन शिकवली, या घराच्या भिंती स्वतः माती तुडवून उभ्या केल्या. त्या दिव्याला त्या सवत म्हणायच्या. हसत म्हणायच्या, पण म्हणायच्या.

आणि गावाची तर करमणूकच झाली होती. गाव मामांना आबा म्हणायचं. पारावर ते गेले की कुणीतरी विचारायचंच, "काय आबा, काय काम असायचं तिथं?" मामा सांगायला लागायचे. पेट्रोमॅक्सच्या बत्तीसारखी जाळी असलेला मेंटलचा मोठा दिवा, त्याच्याभोवती माणसाहून उंच काचेचं मखर, ते मखर पाऱ्यावर तरंगतं आणि एका बोटानं फिरतं, उजेड दहा-बारा कोसांवरच्या जहाजाला दिसतो. लोक एकमेकांकडे बघायचे. एवढं वजन आणि एका बोटानं? मग आमच्या आळीतले एक आप्पा होते, जुने, फटकळ, ते शेवटचा टोला द्यायचे, "म्हंजी दिवा लावायची नोकरी!" की सगळा पार हसायचा.

हे मामांना फारसं लागत नव्हतं. लागलं ते वेगळंच. एकदा जेवताना आत्याही तेच म्हणाल्या. "दिवा लावायचा. मीबी रोज लावते. मला कुनी हार घातला न्हाई." मामांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी मी वह्या घेऊन उंबऱ्यात बसले होते तेव्हा ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "गावाचं सोड गं. पन हिनं तरी एकदा म्हनावं, की ते काम व्हतं." त्यांच्या आवाजाचं मला इतकं वाईट वाटलं, की त्या दिवशी मी सगळ्या पोरांना जास्तीचे मार्क दिले.

उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या विहारातली पोरं मामांकडे आली. दर बुद्धपौर्णिमेला संध्याकाळच्या वंदनेनंतर वस्तीतलं कुणीतरी भाषण करायचं; पोरांचं म्हणणं, या वर्षी मामांनी आपल्या दीपगृहाचा इतिहास सांगावा. मामा हरखले आणि घाबरलेही. तीस वर्षं चार माणसांत काढलेली, त्यातही एक झोपलेला आणि एक पाळीवर. बोलायची सवयच मोडली होती. "मी वाचून दाखवीन," ते म्हणाले. "तू लिहून दे."

मग सुरू झालं आमचं लिखाण. शाळेतून आले, चहा झाला, की मी वही उघडायची आणि मामा अंगणात गोल फिरायला लागायचे, दीपगृहाच्या गॅलरीत फिरायचे तसे. एका फेरीला एक वाक्य, कधी तीन फेऱ्यांनासुद्धा नाही. आणि वाक्य कसलं, सगळं सरकारी! एरवी 'हाय-न्हाई' बोलणारा हा माणूस इतिहास सांगायला लागला की 'सदर', 'उपरोक्त' आणि 'तथापि'शिवाय पुढंच सरकायचा नाही. मी चिडायचे. "मामा, साधं सांगा ना!" तर म्हणायचे, "इतिहास हाय तो. साधा कसा सांगायचा?"

आणि आत आत्यांची भांडी. मामांनी तोंड उघडलं की चुलीपाशी पातेली आपटायला सुरुवात. परातीवर झारा, झाऱ्यावर पळी. मामा आवाज चढवायचे, आत्या पातेली चढवायच्या. शेजारची बाई एकदा मला म्हणाली, तुमच्यात रोज चारला भांडण असतं का?

तरी त्या गोंधळातून इतिहास पुढं गेला. मनोरा नव्हता तेव्हा कोळी लोक बेटाच्या खडकावर जाळ करून आपल्या होड्यांना वाट दाखवायचे. मग साहेबाच्या राज्यात मनोरा बांधायचं ठरलं. दगड, चुना, प्यायचं पाणीसुद्धा होडीनं आणलं, कारण बेटावर गोडं पाणी नाही. भिंग सातासमुद्रापलीकडून गवतात गुंडाळून खोक्यांतून आलं. उतरवताना एक खोकं होडी आणि खडकाच्या मधे समुद्रात पडलं. कोळ्यांनी बुड्या मारून ते वर काढलं, आणि त्यातली काच अख्खी निघाली. पुढं कित्येक वर्षांनी एका वादळात एक मोठा पक्षी उजेडाकडे झेपावला आणि बाहेरच्या तावदानातून आरपार नेमका त्याच भिंगावर आदळला. ती चीर तेव्हाची. म्हणजे आमच्या खिडकीतली काच समुद्राच्या तळाला जाऊन आलेली होती. हे लिहिताना मला पहिल्यांदा वाटलं, की हे लोकांनी ऐकायलाच हवं. त्या दिवशी आत भांडी वाजत नव्हती, हेही मला आठवतं. पण तेव्हा मी एवढंच समजले, की आत्या शेण आणायला गेल्या असतील.

तीन महिने लागले. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी मी शेवटचं पान लिहिलं. निळी शाई, माझं शाळेतलं सुवाच्य अक्षर. आधीच्या कच्च्या कागदांनी आत्यांनी केव्हाच चूल पेटवली होती, तेव्हा वही एवढी एकच. शाई वाळावी म्हणून मी ती खाटेवर उघडी ठेवली. ती खाट पश्चिमेच्या खिडकीखाली होती. ही माझी चूक.

आता आत्यांची. पौर्णिमेला आमच्या वस्तीत घरातलं प्रत्येक कापड धुऊन पांढरं स्वच्छ निघायला हवं. गोधड्या, अभ्रे, धोतरं, सगळं. आत्या सकाळपासून कालव्यावर होत्या. दुपारी त्या आल्या, घरात नजर फिरवली आणि राहिलेलं एकच मळकं कापड दिसलं ते काढून नेलं. मामा विहारात मांडव घालायला गेले होते. मी शेजारी पिठाची चाळण मागायला गेले आणि तिथं गप्पांत रमले.

वैशाखातला सूर्य कलला आणि त्या खिडकीत आला.

मी आत्यांच्या ओरडण्यानं पळत आले. खोलीभर धूर. सुतासारखा एक पांढरा झोत खिडकीतून खाटेवर पडला होता, आणि तो पडला होता तिथं वहीला लालभडक कडांचं भोक पडून ते हळूहळू मोठं होत होतं. आत्यांनी खाटेवर अख्खा हंडा उपडा केला. आग विझली. पण माझी निळी शाई! आगीनं खाल्लं त्याच्या दुप्पट पाण्यानं खाल्लं. पानं उचलली तर 'सदर' तेवढं कुठं कुठं राहिलेलं, बाकी सगळा निळा चिखल.

मी तोंडाला येईल ते बोलले. "पडदा काढायची काय गरज होती? तीन महिने घसा फोडून सांगतायत ते, पडदा काढू नका!" आत्या भिंगावर आपला पदर टाकून तशाच उभ्या राहिल्या, आणि मी थांबल्यावर म्हणाल्या, "मला वाटलं, कंदिलाचा पट्टा तेवढा खरा. हे सूर्याचंबी खरंच व्हतं की."

मामा आले. आधी भिंग बघितलं, मग खाट, मग वही. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खाली बसले. "उद्या त्यांना सांगा, म्हातारा आजारी हाय," म्हणाले. "माझ्याकडनं पुन्ना व्हायचं न्हाई. मला तोंडी येत न्हाई." आणि उठून गोठ्याकडे गेले.

मला आता स्वतःचाच राग आला होता. मी नवी वही घेतली आणि चुलीसमोरच्या उजेडात बसले. म्हटलं, मीच लिहिलंय ना, मला आठवेल. कसलं आठवतंय! मी तीन महिने मान खाली घालून नुसतं उतरवलं होतं. पोरं श्रुतलेखन लिहितात तसं. सुरुवात कशीबशी जमली, खोक्यापर्यंत आले. आत्या शेजारी भाकरी थापत होत्या. मी स्वतःशीच पुटपुटत लिहिलं, "सदर खोके भरतीच्या वेळी समुद्रात पडले."

"भरती न्हवं. ओहोटी."

मी वर बघितलं. आत्यांचे हात थांबले नव्हते.

"भरतीला कसं घावंल ते?" त्या म्हणाल्या. "ओहोटी व्हती म्हनून पानी उथळ व्हतं, म्हनून बुडी मारता आली. लिही नीट. 'सदर खोके ओहोटीच्या वेळी होडी व खडक यांच्यामध्ये पडले. तथापि कोळी बांधवांनी जिवाची पर्वा न करता ते वर काढले.'"

ज्या बाईनं आयुष्यात समुद्र पाहिला नाही, ती मला भरती-ओहोटी शिकवत होती! आणि 'तथापि'! आत्यांच्या तोंडी 'तथापि' ऐकून मला हसूच फुटलं. त्या मात्र गंभीर. भाकरी तव्यावर टाकली की एक वाक्य, उलटली की दुसरं. मामांची एक फेरी, तशी आत्यांची एक भाकरी. मामांनी सांगितलं होतं तसंच, त्याच शब्दांत, कुठं ते अडखळले होते तेसुद्धा. भांडी आपटता आपटता बाईनं सगळं पाठ केलं होतं. अक्षरओळख नसलेल्या माणसाचं डोकं असं असतं, हे मी मास्तरीण असून मला कळलं नव्हतं. पीठ संपलं तरी सांगणं संपेना, मग त्यांनी आणखी पीठ मळलं. त्या दिवशी आमच्याकडे एकवीस भाकरी झाल्या.

वादळ झालं, पक्षी झाला. मग पाकिस्तानच्या लढाईतला भाग आला. "'हुकूम आल्यावरून दिवा बंद ठेवण्यात आला. तथापि पाळी बंद ठेवली नाही. आम्ही विझलेल्या दिव्याजवळ आळीपाळीने बसून राहिलो.'" आत्यांनी भाकरी तव्यावरून काढली. मग म्हणाल्या, "आता फुडं लिही. तवा गावातबी दवंडी दिली, दिवं लावू नगा म्हनून. मी एकलीच घरात. पोरगं दौंडला डूटीवर. मी वट्ट्यावर बसून ऱ्हायले. मला वाटायचं, मी हितं अंधारात आन् ह्ये तिकडं दिव्यापाशी उजेडात. ह्येबी अंधारात व्हतं, हे मला आत्ता कळलं. तीस वर्सांत तेवढंच दिस आमी दोघं एका अंधारात बसलो."

"हे मी सांगितलं न्हवतं," दारातून आवाज आला. मामा केव्हापासून तिथं उभे होते कोण जाणे. त्यांचे डोळे भरलेले होते आणि चेहरा पोरासारखा हसरा.

"तुमी न्हाई सांगितलं. हे माझं हाय," आत्या म्हणाल्या. "लिही गं तू."

"हे उद्या वाचायचं? सगळ्यांम्होरं?"

"वाचा की. लाज वाटती व्हय? मला न्हाई वाटत." आणि त्यांनी त्यांच्यापुढं ताट सरकवलं. मी मात्र लिहायचं सोडून डोळे पुसत होते, आणि धुराचं निमित्त आयतंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला पडदा खिडकीवर परत लागलेला होता. आत्यांनी त्याला खालून दगड शिवून टाकला होता, वाऱ्यानं हलू नये म्हणून.

संध्याकाळी विहारात वंदना झाली. पुढं पुरुष, मागं आम्ही बायका, सगळे पांढऱ्या कपड्यांत. मामा उभे राहिले. वाचलं छान. खोकं पडलं तेव्हा पोरं गुडघ्यावर उठून बसली. कोळी वर आले तेव्हा तर टाळ्या पडल्या. अंधाराचा तो भाग मामांनी खालच्या आवाजात वाचला, आणि बायकांतल्या दोघीतिघींनी पदर डोळ्याला लावले. मी आत्यांकडे चोरून बघितलं. त्यांचे ओठ मामांच्या बरोबरीनं हलत होते.

तेवढ्यात आप्पा. गप्प बसतील तर ते आप्पा कसले! मामांनी पान उलटायला मान खाली घातली आणि आप्पा पुढून मोठ्यानं म्हणाले, "समदं ग्वाड हाय आबा. पन शेवटी नोकरी दिवा लावायचीच ना?"

थोडं हसू झालं. मामांनी वर बघितलं. त्यांना तोंडी येत नव्हतं, हे मला माहीत होतं. मी उठणारच होते. पण माझ्या आधी शेजारून आत्या उठल्या. पुरुषांच्या सभेत ही बाई आयुष्यात कधी उठून बोलली नव्हती.

"लावायची न्हाई, आप्पा," त्या म्हणाल्या. "लावतो समदेच. ती न इझू द्यायची नोकरी व्हती. तीस वर्सं. त्येला काम म्हनत्यात. मला ठावं हाय, मीबी तेच केलंय."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मामा बायकांच्या बाजूला बघत राहिले, आणि कुणीतरी पुढून म्हणालं, वाचा की आबा. वहीत वाचायची अजून दोन पानं होती. त्यांनी वहीची घडी घातली आणि खिशात ठेवली.